काळी, पांढरी आणि माळ

आमच्या अण्णांच्या लेखी जमिनीचे प्रकार तीन. काळी, पांढरी आणि माळ. काळी म्हणजे पिकणारी जमीन. पांढरी म्हणजे गाव बसले ती जागा; पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंती आणि शेणमाती मुरून जिचा रंगच पालटतो ती. आणि माळ म्हणजे उरलेले सगळे. सातबाऱ्यावर त्यातल्या बऱ्याच जमिनीपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे पिकाला अयोग्य, असे लिहिलेले असते. अण्णा वैरागजवळच्या खेड्यात वाढले, जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवत फिरले आणि आता वयाच्या पंचाहत्तरीत पुण्यात आमच्याकडे असतात. जमिनीविषयी बोलताना मात्र त्यांचे शब्द अजून गावचेच आहेत.

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघे तीन दिवसांसाठी गाडी घेऊन निघालो. मला भिगवणचे पक्षी टिपायचे होते. अण्णांना तेरचे वस्तुसंग्रहालय पाहायचे होते. गोरोबाकाकांच्या दर्शनाला ते कितीतरी वेळा तेरला गेले, पण संग्रहालयात पाय ठेवायचे राहून गेले होते. परतताना नान्नजच्या माळावर एक संध्याकाळ काढायची, हे दोघांनाही हवे होते. काळी, पांढरी आणि माळ याच क्रमाने आपण गेलो, हे घरी येऊन फोटो लावताना लक्षात आले. आजचा लेख त्या तीन जमिनींविषयी.

पहाटे चारला पुणे सोडले. सोलापूर महामार्गाने भिगवण शंभरेक किलोमीटर. कुंभारगावच्या काठावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि होडीवाले दादा शेकोटीपाशी बसले होते. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पूर्ण झाले आणि या काठाची उत्तम काळी जमीन गावांसकट पाण्याखाली गेली. साठा सुमारे ११७ टीएमसी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि ज्यांचे गाव बुडाले ती माणसे होडीतून दर्शनाला जातात. पाणी उतरताना ती काळी मातीही उघडी पडू लागते, चिखल होऊन. त्या चिखलात शेवाळ, किडे, बारीक जलचर असतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते त्यासाठी.

दादांनी होडी बांबूने ढकलत नेली. मी तांदूळ भरलेली कापडी पिशवी होडीच्या काठावर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला. होडी हलते तेव्हा तिवईचा उपयोग नसतो. तांदळाची पिशवी लेन्सला धरून ठेवते, आणि कॅमेरा पाण्याच्या जवळ आल्यामुळे पक्षी आपल्या उंचीवर दिसतो. पन्नासेक रोहित पाठमोरे उभे होते. मान पार खाली, चोच उलटी पाण्यात. पायाने चिखल तुडवत एकाच जागी गोल फिरायचे आणि ढवळलेले पाणी चोचीत घ्यायचे. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी बाहेर जाते आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक दात्र्यांत खाद्य अडकते. त्यांचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो. पिल्ले राखाडी असतात. रंग भरायला दोन-तीन वर्षे जातात. उघड्या डोळ्यांना हा सगळा नुसता थवा दिसतो. लेन्समधून एक एक पाय वेगळा दिसू लागला, एक एक चोच, आणि चोचीच्या टोकाचा काळा ठिपका पाण्यात उलटा पडलेला.

रोहितला अग्निपंख म्हणतात. उभा असतो तेव्हा हे नाव पटत नाही. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा आणि काळी किनार एकदम दिसते, तेव्हा पटते. म्हणूनच पक्षी उडवा, असा आग्रह होतो. आमच्या शेजारच्या होडीतून तसाच आग्रह चालला होता. आमचे दादा म्हणाले, “पाखरं उठवायची न्हाईत, ताई. सारखी उठवली की ती लांब जात्यात, मग कुणालाच न्हाई दिसत. आन् त्येंचं खाणं ऱ्हातं.” हे दादा मासेमारीच्या घरातले. जाळे टाकणारे हात आता पक्ष्यांपासून किती अंतर ठेवायचे ते ठरवतात, आणि त्यावर घर चालते. या काठावरच्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे.

आम्ही थांबलो. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, नदी सुरय असे एकेक पक्षी त्या वेळात मोजले. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, पलीकडच्या हरभऱ्याच्या कडेला चरत होते. तासाभराने ऊन पडले आणि एका रोहितने एक पाय आणि एक पंख मागे ताणून आळस दिला. अग्निपंख हे नाव त्या एका क्षणात समोर उभे राहिले. तो फोटो मिळाला. पक्ष्याला काहीही न विचारता, न हलवता मिळालेला फोटो म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

टेंभुर्णीला महामार्ग सोडला आणि कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे निघालो. रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागे एक. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “आमच्या लहानपणी इथं कुसळी गवत होतं. उजनीचं पाणी आलं आणि ऊस आला.” तक्रारीचा सूर नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पाण्याची किंमत कळते. रस्त्याकडेच्या एका वस्तीवर हुरडा खाल्ला. मालदांडी ज्वारीची कोवळी कणसे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेली, सोबत शेंगाचटणी. मुक्काम बार्शीला.

दुसरा दिवस पांढरीचा.

तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. तगराहून साधे सुती कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोचला जात, तिथून जहाजाने पश्चिमेला. हे तगर म्हणजे तेरच, हे जॉन फ्लीट यांनी १९०१ च्या सुमारास मांडले. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केले. महिनाभराच्या त्या बैलगाडीच्या वाटेपुढे आमचा हा दोन दिवसांचा प्रवास काहीच नव्हता. रस्ता मात्र कापसाच्या आणि ज्वारीच्या त्याच मुलखातून जात होता.

गावात शिरतानाच टेकाडे दिसतात. पांढुरकी, मऊ माती. पावसाने ती धुपली की मणी वर येतात, खापऱ्या येतात, कधी नाणे येते. गावोगाव अशी पांढरी असते आणि गावोगाव ती खणून शेतात खत म्हणून टाकली जाते. तेरमध्येही माती हललीच. पण इथे रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. मातीतून निघालेली प्रत्येक वस्तू त्यांनी जमवली, जपली आणि पुढे तो संग्रह शासनाच्या हवाली केला. संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या एका माणसाने आपल्या गावच्या मातीकडे वर्षानुवर्षे वाकून पाहिले, म्हणून सातवाहनकाळचे एक अख्खे शहर आज आपल्याला पाहायला मिळते.

कपाटांत शंखाच्या बांगड्या होत्या, अकीक आणि इंद्रगोपाचे मणी होते, दिवे होते, मातीची खेळणी होती. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका स्त्रीच्या छोट्या मूर्तीपाशी. तळहातात मावेल एवढी, केओलिनच्या पांढऱ्या मातीची. या मूर्ती दुहेरी साच्यात करत: पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे, आतून पोकळ. केसांची रचना इतकी नेटकी की बटा मोजता याव्यात. कानात जड कुंडले. एका बाजूने ती फुटली होती आणि त्या फटीतून आतली भिंत दिसत होती. तिथे माती साच्यात दाबताना उमटलेले बोटांचे खळगे होते. बाहेरचा चेहरा साच्याचा, म्हणजे अनेकींचा एकच. आतली बोटे मात्र एकाच माणसाची. फोटोला परवानगी नव्हती, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. कॅमेरा नसला की नजर जास्त वेळ टिकते.

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “म्हणजे गोरोबाकाकांच्या आधी हजार वर्षं इथं कुंभार होतेच की.” संत गोरा कुंभार तेरचे. थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगणाऱ्या गोरोबांची गोष्ट अण्णांनी आम्हा भावंडांना किती वेळा सांगितली असेल. नामदेव कच्चे निघाले, तो प्रसंग तर साभिनय. त्या गोष्टीखाली एवढी जुनी माती आहे, हे त्यांना त्या कपाटापुढे दिसले. मलाही.

हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही तेरच्या मातीत सापडली. तिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत मिळाली. व्हेसुव्हियसच्या राखेने इसवी सन ७९ मध्ये ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोहोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि जगभरचे लोक तिच्यापुढे रांग लावतात. तेरच्या संग्रहालयात त्या सकाळी आम्ही दोघे होतो आणि शाळेची काही मुले.

तिथून त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचे बांधकाम, मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कार्ले, भाजे सगळ्यांनी पाहिलेले असते. पण विटा रचून बांधलेले आणि आजही छपरासकट उभे असलेले असे देऊळ देशात अगदी दुर्मीळ. आंध्रातल्या चेझर्ल्याचे कपोतेश्वर हे त्यातले दुसरे. तेरचे हे देऊळ टिकले, कारण ते वापरात राहिले. बायका आजही तिथे दिवा लावतात.

तिसऱ्या दिवशी बार्शीहून वैरागमार्गे नान्नज. सोलापूर इथून वीसेक किलोमीटर. गावाची ओळख द्राक्षांची. ‘सोनाका’ हे वाण इथल्याच नानासाहेब काळे यांच्या बागेतले. बागा संपतात आणि माळ सुरू होतो. १९७९ साली इथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले आणि जमिनीचे व्यवहार अडल्यामुळे लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटर केले गेले. पक्षी तोवर कमी झाला होताच.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. सोलापूरकडे त्याला ‘हूम’ म्हणतात, त्याच्या घुमण्यावरून. अण्णांनी तो आवाज ऐकलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडाला, पहाटे, खळ्यात झोपलेले असताना. “लांबून कुणीतरी रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारावी तसं,” असे ते सांगतात. त्यांच्या आईने तो आवाज ऐकला की पाऊस जवळ आला असे धरायचे आणि पाभरीची डागडुजी सुरू व्हायची.

आता साऱ्या देशात मिळून जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. सोलापूरच्या गणनेत एखादा दिसला तरी बातमी होते. शिकार झाली. माळ नांगरला गेला. उरलेल्या माळावरून विजेच्या तारा गेल्या. या पक्ष्याचे डोळे बाजूला असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि जड शरीर चटकन वळत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या तारांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय माळ ओसाड दिसतो म्हणून चांगल्या मनाने तिथे झाडे लावली गेली. माळढोकाला चहूकडे नजर जाईल असे मोकळे गवत लागते, झाडी त्याला परकी. उजनीच्या पाण्याने रोहितला घर दिले. त्याच पाण्याने जिल्ह्यात कोरडवाहूचे बागायत झाले आणि माळाची किंमत बदलली. यात एका कुणाचा दोष काढता येत नाही. शेतकऱ्याने पाणी आले तर ऊस का लावू नये? पण माळाच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते, हेही खरे. ‘पोटखराबा’ लिहिलेल्या जमिनीच्या बाजूने कोण बोलणार?

चारच्या सुमाराला आम्ही वनखात्याच्या परवानगीने मनोऱ्यावर जाऊन बसलो. गवत सोनेरी झाले होते. म्हणीतले कुसळ पायमोज्यांत घुसले होते. पहिला अर्धा तास काही नाही असे वाटले. मग डोळा सरावला. तुरा नसलेले लहानसे चंडोल मातीच्या रंगात मिसळून पळत होते. कापशी एका जागी हवेत पंख फडफडवत उभी राहिली आणि दगडासारखी खाली आली. काळविटांचा कळप आला, पुढे माद्या, मागे पिळदार शिंगांचा काळा नर. सूर्य कलला तसे भोवत्ये येऊ लागले. हे शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ पठारांवरून हिवाळ्यासाठी येतात आणि रात्री जमिनीवर, गवतातच झोपतात. एक, दोन, सात. गवताच्या टोकांवरून हातभर उंचीने तरंगत यायचे, फिरून पाहायचे आणि अचानक गवतात दिसेनासे व्हायचे. उजेड इतका कमी झाला की कॅमेऱ्याला पंख स्थिर धरता येईनात. शेवटच्या फोटोत पंखाच्या जागी फक्त एक रेघ आहे. तो मी ठेवला आहे, कारण तो पक्षी मला तसाच दिसला.

अण्णांनी पिशवीतून मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आणला होता. चितमपल्ली सोलापूरचेच, जून २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. वनखात्यात सारी नोकरी करताना त्यांनी आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे गोळा केली. लामतुरेंनी मातीतून मणी वेचले तशी त्यांनी बोलीतून नावे वेचली. अण्णांनी बॅटरीच्या उजेडात माळढोकाचे पान काढले आणि ‘हूम’ या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ तसेच बसले. आम्हाला माळढोक दिसला नाही. ऐकू येण्याचा तर हंगामही नव्हता.

परत आल्यापासून मी या तीन जागांचा विचार करते आहे. भिगवणचा चिखल, तेरचे टेकाड, नान्नजचे गवत. तिन्ही जागा सहज ओलांडून जाण्यासारख्या. महामार्गावरून जाताना यातल्या एकीसाठीही गाडी थांबवावी असे वाटत नाही. पण चिखलाला एक होडीवाला जपतो, टेकाडाला एक लामतुरे भेटले. माळाला अजून पुरेशी माणसे भेटलेली नाहीत. जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकांचे कृत्रिम प्रजनन सुरू आहे आणि पिल्ले जन्माला येत आहेत, ही मोठी आशेची गोष्ट आहे. उद्या ती पिल्ले मोकळी सोडायची म्हटली तर सोडायला माळ लागेल. तो महाराष्ट्रात असावा, सोलापुरात असावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून वाचकांना विनंती. हिवाळ्यात भिगवणला जरूर जा. पक्षी उडवायला सांगू नका, होडीवाल्याचे ऐका. मुलांना घेऊन तेरला जा. ते वस्तुसंग्रहालय पाहायला एक सकाळ पुरते आणि आपल्या मराठी मुलखाचा जगाशी असलेला दोन हजार वर्षांचा व्यवहार तिथे कपाटात समोर मांडलेला आहे. आणि तुमच्या गावाशेजारी गवताचा माळ असेल, तर त्याला पडीक म्हणणे आजपासून सोडा. तिथे झाडे लावण्याआधी, मुरूम काढण्याआधी, एक संध्याकाळ जाऊन बसा आणि काय काय राहते ते पाहा.

माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो. त्यासाठी तो घरटेही बांधत नाही. उघड्या माळावर, नुसत्या जमिनीवर घालतो.